एक कोरडी पिशवी

सकाळी सहाच्या सुमारास गोव्यातल्या कुठल्याही वाड्यावर रबरी भोंगा वाजतो आणि माणसं छत्री घेऊन फाटकाशी येतात. पोदेर, म्हणजे पाववाला, आलेला असतो. आषाढातला पाऊस कौलं फोडायला निघाल्यासारखा कोसळत असला तरी तो येतो. स्वतः डोक्यापासून टाचेपर्यंत चिंब, पण त्याच्या टोपलीतून निघालेली पोई, म्हणजे गोव्याचा एक पाव, कोरडी आणि कोमट. ही किमया जवळून बघण्यासारखी आहे. टोपलीत आधी जाड प्लास्टिक पसरलेलं असतं, काठाबाहेर हातभर लोंबेल एवढं मोठं. त्यावर कापड, कापडावर पाव, आणि मग चारी बाजूंनी ते प्लास्टिक आत दुमडलेलं. गिऱ्हाईक आलं म्हणून तो सगळं झाकण उघडत नाही. पावसाकडे पाठ करतो, एकच कोपरा उचलतो, हात घालून मोजके उंडे काढतो आणि कोपरा पुन्हा दाबून बसवतो. मग पुढचं घर.

पावसात सायकलने फिरायला आणि रात्री तंबूत राहायला निघणाऱ्यांनी आधी ही टोपली बघून घ्यावी. अंग भिजणार हे पोदेराने धरूनच ठेवलेलं असतं. काय भिजू द्यायचं नाही, तेवढंच त्याने पक्कं केलेलं असतं. नवखी मंडळी नेमकं उलट करतात. अंग कोरडं राहावं म्हणून महागडा रेनकोट घेतात आणि रात्री झोपायचे कपडे मात्र साध्या पाठपिशवीत कोंबतात. दुपारी दोनपर्यंत रेनकोटच्या आत घामाने अंग ओलं, पिशवीत कपडे ओले, आणि रात्र सगळी उरलेली.

म्हणून सायकल, तंबू, रस्ता या सगळ्याच्या आधी एक कोरडी पिशवी. प्रत्येकाची एक, आणि तिला हात फक्त छप्पराखाली लावायचा. तिच्यात झोपायचा एक सदरा, एक सैल पायजमा, एक जोडी मोजे, पातळ चादर किंवा फ्लीसचं अस्तर, छोटा पंचा, टॉर्चचे सुटे सेल आणि औषधं. एवढंच. तोंड तीनदा गुंडाळून क्लिप लावायची रबरी अस्तराची पिशवी मिळाली तर उत्तम. नाहीतर खताच्या पोत्यात असते तसली जाड प्लास्टिकची पिशवी चालते. तिचं तोंड पिळून, उलटं वाकवून रबराने दोन ठिकाणी बांधायचं, आणि तिच्यावर दुसरी तशीच पिशवी उलट्या तोंडाने चढवायची. घरी बादलीत दहा मिनिटं दाबून धरायची आणि आत ठेवलेला वर्तमानपत्राचा कागद बघायचा. कागद ओला झाला तर पिशवी बदलायची. ही चाचणी न करता निघू नये असं माझं अगदी ठाम मत आहे.

पावसाचीही निवड असते. मृगात जाऊ नये. विजा आणि वावटळी तेव्हा जास्त. शिवाय उन्हाळाभर डांबरावर साचलेलं तेल, टायरचं रबर आणि धूळ पहिल्या सरींत वर येऊन रस्ता साबणासारखा होतो. पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस भरपूर असतात. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला सुमारे एक तृतीयांश एकट्या जुलैत. आश्लेषा लागली की सर येते, जाते, मध्ये ऊन पडतं, शेतं पोपटी झालेली असतात. जुलैच्या शेवटापासून चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यापर्यंतचा काळ समूहासाठी सगळ्यात चांगला.

हवामान खात्याचे रंग नुसते बघून चालत नाही, त्यांच्यामागचे आकडे ठाऊक हवेत. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार पाऊस, २०४.४ पर्यंत अतिजोरदार, त्यापुढे अत्यंत जोरदार. पिवळा, नारिंगी आणि लाल इशारा साधारण याच पायऱ्यांवर चढतो. पिवळ्यात जायला हरकत नाही, पावसात जायचंच तर तो असणारच. नारिंगी असेल तर निम्मा पल्ला आणि मुक्काम पक्क्या छपराखाली. लाल असेल तर बेत रद्द, आणि ते शुक्रवारी रात्रीच सगळ्यांना सांगायचं. शनिवारी पहाटे सायकली बाहेर काढून दहा जण उभे राहिले की रद्द करायला कुणाची जीभ रेटत नाही. वाईट निर्णय बहुतेक अशा वेळी होतात.

रस्ता कोणता? दक्षिणेकडचा एक सुचवतो, कारण त्यात सगळं आहे: शेतं, नदी, देवळं, रान आणि परतायला वेगळी वाट. मडगावहून पारोडा, केपे, तिळामळ, जांबावली, रिवण आणि पुढे नेत्रावळी. एका बाजूने चाळीसेक किलोमीटर. कागदावर हे दोन-अडीच तासांचं काम दिसतं. पावसात, सामानासह, आठ-दहा जणांनी ताशी बारा-तेरा किलोमीटरच धरावेत आणि थांबे मिळवून पाच तास. सकाळी सातला निघालं तर दुपारी बाराच्या पुढेमागे पोचता येतं आणि तंबू लावायला उजेड उरतो. जुलैत सूर्यास्त सातनंतर असला तरी रानात ढगाखाली साडेसहालाच अंधार होतो. चारनंतर तंबू लावायला घेणं म्हणजे अंधारात खुंट्या शोधणं.

या वाटेवर पहिला प्रश्न पारोड्यालाच येतो. चंद्रनाथाच्या डोंगराच्या पायथ्याशी कुशावती पसरते आणि जोराच्या पावसात मडगाव-केपे रस्ता तिथे पाण्याखाली जातो. हे नवं नाही, गावच्या माणसांना पाठ आहे. तेव्हा आदल्या रात्री भरपूर पडला असेल तर पारोड्याचा नाद सोडून चांदर-कुडचडेवरून केपे गाठायचं. थोडं लांब पडतं, पण वेळ वाचतो. रस्त्यावरून वाहणाऱ्या पाण्याबद्दल तुकडीत एकच नियम असावा: पाणी वाहतंय आणि रस्त्याची कड दिसत नाही, तर उतरायचं नाही. वेगाने वाहणारं वीतभरापेक्षाही कमी, १५ सेंटिमीटर पाणी उभ्या माणसाचे पाय उचलू शकतं. सायकलची चाकं तर प्रवाहाला आडवी ढाल देतात. शिवाय खाली रस्ता शाबूत आहे की साकव खचलाय, ते वरून कळत नाही. एक बस पार झाली म्हणून आपण पार होऊ हा हिशेब चुकीचा आहे.

चांदरहून गेलात तर रेल्वे फाटक लागतं. ओला रूळ काटकोनातच ओलांडायचा. रस्ता रुळांना तिरपा असेल तर मागे बघून आधी थोडं बाजूला जायचं आणि मग चाक सरळ आडवं घालायचं. रुळावर असताना ब्रेक नाही, हँडल वळवणं नाही, पायडल नाही. हीच काळजी फेरीबोटीच्या लोखंडी फळीवर, गटाराच्या जाळीवर, रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर आणि गोव्यातल्या त्या सुंदर सावलीच्या रस्त्यांवर, जिथे फणस-आंब्याची पानं कुजून डांबराला चिकटलेली असतात. कडेचं हिरवट डांबर म्हणजे शेवाळ. गाडीच्या चाकांनी घासून काळी झालेली पट्टी आपली.

आता ब्रेक. इथे सविस्तर सांगायलाच हवं, कारण पावसात माणसं पडतात ती बहुतेक इथेच. रिमवर धरणाऱ्या ब्रेकमध्ये पाणी पॅड आणि रिमच्या मध्ये बसतं. दांडी दाबली की पहिले एक-दोन फेरे नुसतं पाणी पुसण्यात जातात. चाक पकडत नाही, माणूस घाबरून जोरात दाबतो, आणि तेवढ्यात पाणी पुसलं जाऊन ब्रेक एकदम धरतो. मागचं चाक घसरतं. उपाय एकच, उतार लागायच्या आधी, वळणाच्या आधी, गाव लागायच्या आधी दोन्ही ब्रेक हलके टेकवून ठेवायचे, रिम पुसून घ्यायची आणि मग खरा दाब. वळणावर शिरण्यापूर्वी वेग कमी करायचा, वळणात नाही. डिस्क ब्रेक पावसात फार चांगले, पण त्यांचे पॅड चिखलात भराभर झिजतात. राळेच्या मऊ पॅडपेक्षा धातूचे पॅड पावसाळ्यात जास्त टिकतात, आवाज मात्र करतात. पॅडवरचा थर एक मिलिमीटरच्या खाली आला असेल तर निघण्यापूर्वीच बदला. तारेवर चालणारे डिस्क ब्रेक झिजेप्रमाणे आपोआप जवळ येत नाहीत. दांडी हँडलला टेकायला लागली की तारेवरचा नळीसारखा स्क्रू अर्धा-अर्धा फेरा सैल करत पॅड जवळ आणावा लागतो. हे काम प्रत्येकाला स्वतःच्या हाताने करता यायला हवं. घाटात दुसऱ्याची वाट बघत बसता येत नाही.

आणि सगळ्या झिजेचं मूळ म्हणजे आपली लाल माती. जांभ्याचा चिखल दिसायला मऊ, पण बोटांत चोळून बघा, आत बारीक खर लागते. सांगे-केपे भागात खाणींच्या रस्त्यांवर तर हा लाल राडा डांबरावर पसरलेला असतो. तो ब्रेकच्या पॅडमध्ये रुतून बसतो आणि रिमला कानशीसारखा घासतो. चेनच्या पिनांमध्ये शिरला की चेन आतून झिजून लांब होते. दुपारच्या थांब्यावर बाटलीतलं थोडं पाणी ब्रेकवर आणि चेनवर ओतलं तरी अर्धं काम होतं. पॅडमध्ये चमकणारा कण दिसला तर पिनेने उकरून काढायचा, तो रिमचाच निघालेला तुकडा असतो.

चेनला पावसाचं, घट्ट तेल लागतं. उन्हाळ्यातलं मेणाचं किंवा पातळ तेल तासाभरात धुऊन जातं आणि चेन चिमण्यांसारखी चिवचिवायला लागते. प्रत्येक जोडावर आतल्या बाजूने एक थेंब, पायडल उलटं फिरवत, मग दहा मिनिटांनी फडक्याने वरचं सगळं पुसून टाकायचं. वर राहिलेलं तेल चिखल धरण्यापलीकडे काही करत नाही. चेन जुनी आहे का ते पट्टीने कळतं: बारा पूर्ण जोड नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंच भरतात. इंचाचा सोळावा भाग जास्त भरला तर चेन बदला. आठवा भाग जास्त असेल तर मागची दातेरी चक्रंही बहुधा गेलेली असतात, आणि नवी चेन त्यांच्यावरून उड्या मारते.

टायरमधली हवा नेहमीपेक्षा दहा टक्के कमी. पातळ टायरपेक्षा ३५ मिलिमीटरच्या आसपासचे बरे. पावसात पंक्चर जास्त होतात यात दैवाचा दोष नाही. ओल्या रबरावर काच आणि काटा सहज सरकत आत जातो, आणि ओली खडी टायरला चिकटून फिरत राहते. ठिगळ ओल्या ट्यूबला चिकटत नाही, पावसात तर नाहीच. म्हणून प्रत्येकाकडे दोन चांगल्या ट्यूब, रस्त्यावर फक्त अदलाबदल. ठिगळ रात्री छपराखाली, ट्यूब पुसून, घासून, सोल्यूशन लावल्यावर पाच मिनिटं वाळू देऊन. ट्यूब बदलताना टायरच्या आतून बोट सावकाश फिरवा. काटा तिथेच असतो आणि घाईत नवी ट्यूबही तोच फोडतो.

मडगार्ड हवाच. तो स्वतःसाठी कमी आणि मागच्यासाठी जास्त. मागच्या मडगार्डला तळाशी जुन्या ट्यूबचा किंवा प्लास्टिकच्या डब्याचा पट्टा लावायचा, जमिनीपासून चार बोटं वर राहील असा. पट्टा नसेल तर मागचा सायकलवाला दिवसभर तुमच्या चाकातला चिखल खात येतो.

कपड्यांबद्दल थोडक्यात. सुती काही नको. जीन्स तर नकोच. घट्ट बसणारा पातळ पॉलिएस्टरचा सदरा ओला होतो आणि अंगावरच सुकतो. आपल्याकडे पावसातही हवा २४ ते २९ अंशांत असते, थंडी वाजते ती उतारावर वाऱ्याने किंवा फार वेळ थांबलं की. त्यासाठी एक पातळ वारारोधक जाकीट खिशात, चढावर काढायचं, उतारावर घालायचं. पोंचो नको, तो वाऱ्यात शिडासारखा फुगतो आणि चाकात जातो. हेल्मेटखाली पुढे छज्जा असलेली टोपी घातली की डोळ्यांत पाणी जात नाही. चष्मेवाल्यांचा दिवस त्या टोपीवर निघतो. सीटशी घासणाऱ्या जागांना सकाळीच व्हॅसलीन. त्याची आठवण दुपारी आली तर उशीर झालेला असतो.

पायांना मात्र जपायला हवं. दिवसभर बुटांत भिजलेले पाय संध्याकाळी पांढरे, सुरकुतलेले होतात आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. मुक्कामाला पोचलं की पहिलं काम पाय धुणं, पुसणं, बेचक्या कोरड्या करून पावडर लावणं आणि त्या कोरड्या पिशवीतले मोजे. सकाळी पुन्हा तेच ओले मोजे, पिळून, निमूट. इथे मोह होतो: कोरडे मोजे आहेत तर घालून निघू या. पाच मिनिटांत तेही ओले, आणि रविवारी कुठे अडकून रात्र पडली तर पायांना काहीच नाही. कोरडं ते रात्रीचं, हे कधी मोडायचं नाही.

भातशेतीच्या, साचलेल्या पाण्यात खरचटलेल्या पायांनी उतरू नये. लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या मुताने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा, धोका पावसाळ्यात खरा असतो. जखम धुऊन, झाकून ठेवा, आणि परतल्यावर महिनाभरात ताप आला तर डॉक्टरांना पाण्यात गेल्याचं आपणहून सांगा.

समूह आठ ते दहा जणांचा. जास्त असतील तर चार-चारांच्या तुकड्या, मध्ये दोन-तीनशे मीटर अंतर, म्हणजे मागच्या बस-ट्रकला टप्प्याटप्प्याने पुढे जाता येतं. पुढे वाट माहीत असलेला. सगळ्यात मागे सगळ्यात दमदार आणि शांत माणूस, ज्याच्याकडे पंप, हत्यारं आणि औषधपेटी. पुढे जाण्याची हौस असलेल्याला मागे ठेवू नये, तो कासावीस होतो आणि दमलेल्याला घाई करतो. वेग सगळ्यात हळू चालवणाऱ्याचा. प्रत्येक वळणावर एक जण थांबतो, शेवटचा माणूस दिसेपर्यंत हलत नाही. रिवणच्या पुढे फोनची रेंज भरवशाची नाही, त्यामुळे ही वळणावरची माणसंच खरी. दोन सायकलींमध्ये कोरड्या रस्त्यावर एक चाकाचं अंतर चालतं, पावसात तीन सायकली मावतील एवढं. हाका ऐकू येत नाहीत, म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी: एक लांब म्हणजे थांबा, तीन छोट्या म्हणजे मदत हवी. मागचा लाल दिवा दिवसाही चालू. लुकलुकणारा मात्र फक्त शेवटच्याचा, बाकीच्यांचे स्थिर, नाहीतर मागून चालवणाऱ्याचे डोळे शिणतात.

थांबे दहा मिनिटांचे. तिळामळला भाजी-पाव आणि चहा, जांबावलीला दामोदराच्या देवळाजवळ पाय मोकळे करायचे. पावसात तहान लागत नाही, पण घाम भरपूर जातो, कारण दमट हवेत तो सुकत नाही, नुसता वाहतो. तासाला अर्धा लिटर पाणी आठवणीने प्यायचं. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात, कमीत घालू नये. रिवणपुढे पणसायमळची कातळशिल्पं आहेत, कुशावतीच्या काठावर जांभ्यात कोरलेली. ती १९९३ मध्ये अभ्यासकांपुढे आली. नदी चढली की ती पाण्याखाली जातात, म्हणून पावसात ती बघायला वाकडी वाट करू नये. मार्चमध्ये यावं.

मुक्काम. नेत्रावळी अभयारण्याच्या हद्दीत मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही, आणि तसं करू नये. धबधब्यांवर जायलाही वनखात्याची बंदी पावसाळ्यात कधी असते, कधी उठते. तिथे माणसं बुडालेली आहेत. निघण्यापूर्वी वनखात्याच्या चौकीत विचारावं. तंबूसाठी गावातल्या एखाद्या घराचं अंगण, शाळेची पडवी किंवा देवळाची अग्रशाळा (धर्मशाळा), आधी विचारून, आधी ठरवून. पडवी मिळाली तर तंबूचा बाहेरचा कपडा लावायचाच नाही, नुसती आतली जाळी लावायची. डास आणि किड्यांपासून सुटका आणि वारा मोकळा.

कुळागर दिसायला मोहक असतं. पोफळींची सावली, खळाळता पाट, मिरवेल. पण तंबूला ती जागा वाईट. जमीन पाटाच्या पाण्याने सदा ओली, हवा कोंडलेली, डास अमाप. पोफळीच्या शिपुट्यांवर (घडांवर) कोळेरोगासाठी मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारलेलं असतं, पावसात ते तंबूवर ठिबकतं. वरून झावळ पडली तर तंबू फाटतो, माड असेल तर नारळ. मोठ्या फणसाच्या किंवा सुकलेल्या फांद्यांच्या झाडाखालीही नको. सड्यावर वारा चांगला, पण वीतभर मातीखाली कातळ, खुंटी जात नाही आणि पाणी मुरत नाही. तिथे तंबूच्या दोऱ्या चिऱ्यांना बांधायच्या. सगळ्यात चांगली जागा म्हणजे घरामागची किंचित उतरती, गवताची, दोन दिवस पाणी न साचलेली. गाळाची बारीक नक्षी किंवा एका दिशेला झोपलेलं गवत दिसलं तर तिथून पाणी वाहतं.

पोचल्यावर आधी ताडपत्री. चार बाय तीन मीटरची, दोन झाडांच्या किंवा खांबांच्या मध्ये छातीभर उंचीवर दोरी ताणून, वाऱ्याकडची कड खाली. तिच्याखाली सगळं सामान, मग सगळी माणसं, मग चहा, आणि मग सावकाश तंबू. ताडपत्रीच्या दोरीला छपरापासून वीतभर बाहेर सुतळीचा तुकडा बांधून लोंबता ठेवा. दोरीवरून वाहत येणारं पाणी त्या सुतळीवरून टपटप खाली पडतं, आत येत नाही. असली छोटी गोष्ट रात्रभर बरं वाटायला पुरते.

तंबू शक्य असेल तर बाहेरच्या कपड्यासह एकदमच उभा करावा. आतला भाग आधी आणि बाहेरचा नंतर असा तंबू असेल तर ताडपत्रीखाली उभा करून मग चौघांनी उचलून जागेवर न्यायचा. खाली अंथरायचा प्लास्टिकचा कागद तंबूच्या कडेपेक्षा चार बोटं आत दुमडलेला हवा. तो बाहेर आला की छपरावरून उतरलेलं पाणी त्याच्यावर पडतं आणि थेट तुमच्या पाठीखाली येऊन साचतं. तंबू गळतो अशी तक्रार ऐकली की मी आधी तो कागद बघायला सांगतो. दुसरं म्हणजे नायलॉन भिजलं की ताणतं, सैल पडतं, आतल्या कापडाला टेकतं, आणि टेकलं तिथून पाणी झिरपतं. तासाभराने बाहेर येऊन सगळ्या दोऱ्या पुन्हा ओढायच्या, आणि झोपण्यापूर्वी आणखी एकदा. सकाळी आतून दिसणारे थेंब मात्र बहुतेक आपल्याच श्वासाचे. पाऊस येईल म्हणून खिडक्या बंद केल्या की ते वाढतात. वरच्या दोन्ही खिडक्या उघड्या ठेवा, ओले कपडे आत नेऊ नका.

स्वयंपाक गॅसवर. रानातल्या ओल्या लाकडांच्या भरवशावर जेवण ठेवायचं नाही. २३० ग्रॅमच्या डब्यात आडोसा असेल तर साधारण दहा-बारा लिटर पाणी उकळतं, आठ जणांना एका रात्रीसाठी दोन डबे हाताशी असावेत. काड्या गोळ्यांच्या डबीत, तीही कोरड्या पिशवीत. शेगडी तंबूत पेटवायची नाही, कितीही पाऊस असो. कोंडलेल्या हवेत निघणाऱ्या वायूला वास नसतो, आणि झोपलेला माणूस उठत नाही.

जेवणाला पेज. यापेक्षा चांगलं काही या दिवसांत नाही. आठ जणांना अर्धा किलो उकडे तांदूळ. ते सकाळी निघतानाच रुंद तोंडाच्या बाटलीत पाणी घालून भिजत घालायचे आणि सायकलवर बांधायचे. चाळीस किलोमीटर ते भिजत येतात, संध्याकाळी निम्म्या वेळात शिजतात आणि गॅस वाचतो. चार लिटर पाणी, मीठ, झाकण, मंद आच. दाणा फुटला पण विरघळला नाही की उतरवायची. सोबत चेपणीची तोरां (मिठात मुरवलेल्या कैऱ्या), भाजलेला पापड, आणि श्रावण पाळत नसाल तर सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, घरीच भाजून डब्यात आणलेली. ओलं खोबरं तेवढं तिथे किसायचं. रानातली आळमी (अळंबी) ओळखीच्या माणसाने दिल्याशिवाय खायची नाहीत. प्यायचं पाणी, विहिरीचं असलं तरी, चांगलं खळखळ उकळून.

रात्री टॉर्चशिवाय पाऊल नको. नेत्रावळीच्या बाजूला चापडा, फुरसं, मण्यार, नाग सगळेच आहेत, आणि पावसात ते कोरडी जागा शोधतात, आपल्यासारखीच. बूट तंबूत घ्या किंवा पिशवीत उलटे बांधून ठेवा, सकाळी आपटून घाला. दंश झालाच तर कापणं नाही, आवळून बांधणं नाही. माणसाला हलू द्यायचं नाही, १०८ ला फोन, आणि रेंज कुठे मिळते ते संध्याकाळीच बघून ठेवलेलं असावं. गावातल्या एखाद्या पिकअपवाल्याचा नंबरही तसाच. जळू लागली तर नखाने तिचं तोंड बाजूला सारून काढायची. मीठ-चुना टाकला की ती पोटातलं जखमेत ओकते.

रविवारी परतीची वाट सांग्यावरून, साळावली धरणाकडे. जुलैत धरण भरलं आणि पाण्याने ४१.१५ मीटरची पातळी ओलांडली की त्या गोल सांडव्यातून पाणी सगळ्या बाजूंनी आत कोसळतं, आणि त्याचा घुमणारा आवाज आधी छातीत ऐकू येतो. याच पाण्याखाली कुर्डी आहे, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव. पाणी ओसरलं की एप्रिल-मेमध्ये गाव वर येतं आणि माणसं आपल्या घरांचे चौथरे शोधत जातात. तिथलं महादेवाचं देऊळ चिरा चिरा सुटा करून धरणाजवळ पुन्हा उभारलेलं आहे. तिथे थांबावं. मग सावर्डे, कुडचडे, चांदर, मडगाव.

घरी पोचल्यावर आंघोळ आधी सायकलची. पाण्याचा जोराचा फवारा चाकांच्या आणि पायडलच्या बेअरिंगवर नको, तो चिखल आत ढकलतो. मग्याने पाणी, जुना ब्रश, साबण. चेन पुसून, तेल घालून. तारांच्या नळ्यांच्या तोंडाशी एकेक थेंब. ताडपत्री आणि तंबू चोवीस तासांच्या आत उलगडून वाळत घाला, बाहेर ऊन नसेल तर वसरीत दोरीवर, पंख्याखाली. गुंडाळून ठेवला तर आपल्या हवेत तिसऱ्या दिवशी बुरशीचे काळे ठिपके, आणि ते कधीच जात नाहीत. सगळ्यात शेवटी सीटची दांडी पूर्ण बाहेर काढायची आणि सायकल उलटी करायची. चौकटीच्या नळीतून कपभर लाल पाणी जमिनीवर ओघळतं. ते पुरतं निघून जाईपर्यंत ती तशीच उलटी राहू द्यायची, रात्रभर. दांडीला ग्रीस लावून ती दुसऱ्या दिवशी बसवायची.